सर, तुम्ही किती टक्क्यांवर?

लग्नाची पंगत असो, एसटीचा थांबा असो की बोर्डाची मॉडरेटर मीटिंग, महाराष्ट्रातल्या खासगी शाळांचे दोन शिक्षक पहिल्यांदा भेटले की विषय कोणता, गाव कुठलं, हे विचारायच्या आधी एक प्रश्न येतो. "सर, तुम्ही किती टक्क्यांवर?"

"शंभर" असं उत्तर आलं तर विचारणारा जरा सावरून बसतो. समोरचा माणूस आता सोयरीक जमवण्यालायक ठरलेला असतो. "साठ" म्हटलं की "आमचेही साठच" म्हणत चहा सांगितला जातो. आणि "अजून अघोषित" असं कुणी म्हणालं, तर चहाचे पैसे त्याला देऊ देत नाहीत.

हे टक्के मार्कांचे नाहीत, पगाराचे आहेत. शाळा खासगी संस्थेची, पण शिक्षकाच्या पगारातला जेवढा वाटा सरकार उचलतं, तेवढ्या टक्क्यांवर तो शिक्षक. शून्य, वीस, चाळीस, साठ, ऐंशी, शंभर. काम सगळ्यांचं सारखंच. अठ्ठावीस-तीस तासिका, तोच अभ्यासक्रम, तीच दहावीची परीक्षा, तीच निवडणुकीची आणि जनगणनेची ड्युटी. मतदानकेंद्रावर पाठवताना सरकार कुणालाच टक्के विचारत नाही.

बटणाचं पाकीट

सोलापूर जिल्ह्यातल्या एका गावी मी अशाच एका सरांकडे गेलो होतो. गणित आणि विज्ञान शिकवतात. "नाव छापू नका," असं त्यांनी आधीच बजावलं, "अजून एक टप्पा बाकी आहे." मग कपाटातून त्यांनी प्लास्टिकचं बटणाचं पाकीट काढलं. घराची कागदपत्रं, विम्याचे हप्ते, मुलांचे जन्मदाखले एका बाजूला, आणि दुसऱ्या बाजूला तारीखवार लावलेले शासन निर्णय. जीआर. प्रत्येकावर पिवळ्या पेनाने एखादी ओळ रंगवलेली.

सगळ्यात खालचा कागद २४ नोव्हेंबर २००१ चा. इथून पुढे नव्या शाळांना परवानगी मिळेल ती 'कायम विनाअनुदान' तत्त्वावर, असं त्या धोरणानं ठरवलं. त्याआधी विनाअनुदानित शाळा म्हणजे काही वर्षं संस्थेनं आपल्या बळावर काढायची आणि नंतर टप्प्याटप्प्यानं अनुदानावर यायची, अशी रीत होती. 'कायम' या एका शब्दानं ती वाट बंद केली. सरांची शाळा या धोरणाखाली निघाली आणि सर तिथे जून २००४ मध्ये लागले.

"नोकरी लागली तेव्हा यांच्या घरी पेढे वाटले," वहिनी आतून म्हणाल्या, "आणि पगार लागला तेव्हा थोरली पाचवीला होती."

त्यावरचा कागद २० जुलै २००९ चा. या दिवशी 'कायम' शब्द वगळला गेला. गावोगावच्या स्टाफरूममध्ये त्या दिवशी गुलाल उधळायचा तेवढा राहिला होता. शब्द गेला, पण पैसा आला नाही, कारण आता शाळांचं मूल्यांकन व्हायचं होतं. मूल्यांकनाचे निकष आले १५ नोव्हेंबर २०११ ला. स्वच्छतागृहं, पाणी, निकाल, आरक्षणाची बिंदुनामावली अशा बाबी तपासायच्या आणि शाळा 'पात्र' की 'अपात्र' ते ठरवायचं. ज्यांच्या फायली पुण्याहून मंत्रालयात गेल्या आणि यादीत नाव आलं, त्या 'घोषित'. ज्यांचं आलं नाही, त्या 'अघोषित'. ज्यांच्या कागदात काही राहिलं, त्या 'त्रुटी'तल्या. या तिन्ही शब्दांचा शिक्षणाशी काही संबंध नाही, पण महाराष्ट्रातल्या हजारो घरांची किराणा यादी या तीन शब्दांवर ठरत आली आहे.

मग १९ सप्टेंबर २०१६ चा कागद. पात्र शाळांना वीस टक्के. नंतर लागू झालेल्या सातव्या वेतन आयोगाच्या श्रेणीत पदवीधर बी.एड. शिक्षकाचं मूळ वेतन ३८,६०० रुपयांपासून सुरू होतं. त्याचे वीस टक्के ७,७२० रुपये होतात, आणि महागाई भत्त्याचा वाटा धरला की थोडे वाढतात. बारा वर्षं शून्यावर राहिलेल्या माणसाच्या हातात पहिल्यांदा जी रक्कम पडली, ती या जातीची होती. त्यानंतर दोनच आठवड्यांनी, ४ ऑक्टोबर २०१६ ला, औरंगाबादला मंत्रिमंडळाची बैठक असताना शिक्षकांच्या मोर्च्यावर लाठीमार झाला. सरांचं म्हणणं, "तिथे मी नव्हतो. गाडीभाड्याला पैसे नव्हते."

पुढचे कागद भराभर येतात. १३ सप्टेंबर २०१९ चा, वाढीव वीस टक्क्यांचा. ती वाढ प्रत्यक्षात मिळाली १ नोव्हेंबर २०२० पासून, फेब्रुवारी २०२१ च्या निर्णयानं. ६ फेब्रुवारी २०२३ च्या निर्णयानं साठ टक्के, १ जानेवारी २०२३ पासून. १४ ऑक्टोबर २०२४ चा निर्णय पुढच्या टप्प्याचा. विधानसभेच्या निवडणुकीच्या तोंडावर निघालेला तो कागद पैशाच्या तरतुदीशिवाय पडून राहिला. म्हणून २०२५ च्या जूनपासून शिक्षक पावसात मुंबईच्या आझाद मैदानावर येऊन बसले. ८ आणि ९ जुलैला मैदान भरलं. अधिवेशन चालू होतं. शरद पवार येऊन बसले, उद्धव ठाकरे येऊन गेले, सरकारतर्फे मंत्री आले. मग तरतूद झाली आणि वाढीव टप्पा १ ऑगस्ट २०२५ पासून लागू झाला. कागद निघाल्यापासून साडेनऊ महिन्यांनी.

पाकीट बंद करताना सर म्हणाले, "दहावीच्या पोरांना मी शेकडेवारी शिकवतो. उदाहरणं घरचीच देतो."

मग ते उदाहरण आम्ही दोघांनी सोडवून पाहिलं. जून २००४ ते जुलै २०२५ म्हणजे एकवीस वर्षं दोन महिने. त्यातली सव्वाबारा वर्षं शून्य टक्के. चार वर्षं दोन महिने वीस टक्के. सव्वीस महिने चाळीस टक्के. एकतीस महिने साठ टक्के. सगळी बेरीज करून पूर्ण पगारात मांडली, तर एकवीस वर्षांच्या नोकरीत हातात पडला तो सव्वातीन वर्षांचा पगार. उरलेली अठरा वर्षं घर चाललं ते सकाळ-संध्याकाळच्या शिकवण्यांवर, वहिनींच्या शिलाई मशीनवर, उन्हाळ्यात मंडपवाल्याकडच्या हिशेबावर आणि भावानं वाटणी न मागितलेल्या दोन एकरांवर.

कायद्यानं पाहिलं तर हा पगार संस्थेनं द्यायचा. खासगी शाळांतल्या कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्तींचा १९७७ चा कायदा आणि १९८१ ची नियमावली, जिला शाळेत सगळे 'एमईपीएस' म्हणतात, वेतनश्रेणी ठरवताना अनुदानित-विनाअनुदानित असा भेद करत नाही. पण ज्या गावात पालक शंभर रुपये फी देताना हात आखडतात, तिथली मराठी शाळा चाळीस हजारांचा पगार देणार कुठून? हे संस्थेला माहीत होतं, शिक्षकाला माहीत होतं, आणि परवानगी देणाऱ्या सरकारलाही माहीत होतं.

मुष्टिफंडापासून ट्रेझरीपर्यंत

खासगी शाळेला सरकारी पैसा, ही कल्पना आपल्याकडे पावणेदोनशे वर्षांची होत आली. १८५४ च्या वुडच्या खलित्यानं ती आणली. सगळ्या देशाला शाळा काढून देणं सरकारला झेपणारं नाही, तेव्हा लोकांनी शाळा काढाव्यात, सरकार मदत देईल, असा तो हिशेब. शर्ती होत्या : धर्मनिरपेक्ष शिक्षण चांगलं द्यावं, स्थानिक व्यवस्थापन धड असावं, तपासणी मान्य असावी, थोडी तरी फी घ्यावी. सरकारला स्वस्तात शाळा हव्या होत्या आणि लोकांना पोरं शिकवायची होती. या व्यवहाराला इंग्रजांनी नाव दिलं 'ग्रँट-इन-एड' आणि आपण 'अनुदान'.

१८८२ मध्ये हंटर आयोगासमोर जोतीराव फुल्यांनी याच हिशेबातली मेख दाखवली. सरकारचा महसूल येतो राबणाऱ्या रयतेकडून आणि खर्च होतो वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर, हे त्यांचं म्हणणं होतं. प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा, ही त्यांची मागणी. अनुदानाच्या प्रत्येक चर्चेत हा प्रश्न आजही उभा राहतो : पैसा कुणाचा आणि पोचतो कुणाकडे?

त्याचं एक उत्तर साताऱ्यानं दिलं. कर्मवीर भाऊराव पाटलांनी ४ ऑक्टोबर १९१९ ला काले गावी रयत शिक्षण संस्था स्थापली. घरोघरी रोजच्या पिठातून किंवा धान्यातून मूठभर बाजूला काढायचं, असा मुष्टिफंड. सरकारी मदत घ्यायची, पण तिच्यावर जगायचं नाही, असा बाणा. गांधीहत्येनंतर भाऊरावांचं आणि तेव्हाच्या मुंबई सरकारचं बिनसलं आणि रयतचं अनुदान बंद झालं. पुढे ते पुन्हा सुरू झालं, पण तेवढ्या काळानं एक गोष्ट शिकवली. देणारा हात रागावू शकतो.

संयुक्त महाराष्ट्राच्या तोंडावर यशवंतराव चव्हाणांनी ईबीसी सवलत आणली. आर्थिकदृष्ट्या मागास कुटुंबातल्या मुलांची फी सरकारनं भरायची. खेड्यापाड्यात माध्यमिक शाळा निघाल्या त्या या दोन पायांवर. एका बाजूला मुलाची फी सरकार भरतंय, दुसऱ्या बाजूला शिक्षकाचा पगार सरकार देतंय. साताऱ्यात रयत, अमरावतीत पंजाबराव देशमुखांची शिवाजी शिक्षण संस्था, कोल्हापुरात बापूजी साळुंख्यांची विवेकानंद शिक्षण संस्था, अशी गावाला शाळा पोचली. माझी स्वतःची शाळाही अशीच. पत्र्याची खोली, कौलारू प्रयोगशाळा, आणि शिक्षक मात्र पगाराची काळजी नसलेले. आज वाटतं, त्यांच्या शिकवण्यात जी निवांतता होती ती कुठल्या प्रशिक्षणातून आली नव्हती. ती एक तारखेच्या पगारातून आली होती.

आजही राज्यातल्या लाखाहून अधिक शाळांपैकी पासष्ट हजारांच्या घरात शाळा जिल्हा परिषद आणि महापालिकांच्या आहेत आणि त्यांच्या खालोखाल वीस हजारांहून अधिक खासगी अनुदानित. प्राथमिक शाळा जिल्हा परिषदेची आणि हायस्कूल संस्थेचं, असाच बहुतेक गावांचा नकाशा आहे. पाचवीनंतर गावातलं पोर शिकतं ते या 'खासगी' शाळेत. म्हणून अनुदान हा संस्थाचालकांचा प्रश्न नाही, गावाच्या पोरांचा आहे.

१९८३ मध्ये वसंतदादा पाटलांच्या सरकारनं अभियांत्रिकी महाविद्यालयांना विनाअनुदान तत्त्वावर परवानगी दिली आणि हा शब्द मराठीत रुजला. अभियांत्रिकीला तो पचला, कारण तिथे फी भरणारे होते. तोच शब्द २००१ मध्ये आठवी ते दहावीच्या मराठी शाळेला लावला, तेव्हा फीच्या जागी कुणाला उभं करायचं याचा विचार झाला नाही. म्हणजे झाला, पण कागदावर आला नाही. फीच्या जागी शिक्षक उभा राहिला.

संस्थेची बाजू आणि संस्थेचं पाप

एकट्या सरकारला दोष देऊन हा लेख संपवता येणार नाही. ज्या गावात आधीच दोन हायस्कुलं आहेत तिथे तिसरं काढणारे कोण होते? तालुक्याच्या राजकारणात साखर कारखाना, दूध संघ आणि शिक्षणसंस्था ही त्रयी असल्याशिवाय पुढारी पुरा होत नाही, हे आपल्याला ठाऊक आहे. विनाअनुदानित शाळेची जागा भरताना उमेदवाराकडून 'इमारत निधी' घेतला जातो, आज ना उद्या अनुदान येईल या आशेवर तो जमीन विकून देतो, आणि आलं नाही तर त्याची पावतीही नसते. हा व्यवहार सगळ्यांना माहीत आहे आणि कुणीच सांगत नाही. म्हणजे बिनपगारी शिक्षकानं पगार तर सोडलाच, वर शाळा बांधायलाही पैसे दिले. २०१७ मध्ये अनुदानित शाळांची भरती 'पवित्र' पोर्टलवरून करायची ठरली ती याच बाजाराला लगाम घालायला.

पट फुगवण्याचं पापही खरं. ऑक्टोबर २०११ मध्ये तीन दिवस राज्यभर पटपडताळणी झाली. एकच मूल दोन शाळांत मोजलं जाऊ नये म्हणून मुलांच्या बोटांना मतदारांसारखी शाई लावली. पुष्कळ शाळांत हजेरीपटावरची मुलं वर्गात सापडली नाहीत. तुकड्या होत्या, तुकड्यांवर शिक्षक होते, शिक्षकांवर अनुदान होतं, मुलं तेवढी नव्हती. २०२५ मध्ये नागपूर विभागात 'शालार्थ' या सरकारी पगारप्रणालीतल्या बनावट आयडींचं प्रकरण बाहेर आलं. जी माणसं कागदोपत्री शिक्षक झाली, त्यांचे पगार या प्रणालीतून निघत होते. सोलापूरच्या सरांनी ही बातमी मला मोबाइलवर दाखवली आणि एवढंच म्हणाले, "आमच्या अप्रूव्हलला सतरा कागद लागले."

पण चोर पकडायला निघालेली यंत्रणा सहसा सावाच्या घरात घुसते. आता संचमान्यता, म्हणजे शाळेला किती शिक्षक द्यायचे याचा हिशेब, आधार जुळलेल्या मुलांवर होतो. ऊसतोडीला गेलेल्या, जन्मतारखेत खोट असलेल्या, अंगठा न उमटणाऱ्या पोराचं आधार 'व्हॅलिड' झालं नाही, की ते वर्गात बसलेलं असून मोजणीत नसतं. १५ मार्च २०२४ च्या निर्णयानं सहावी ते आठवीच्या छोट्या पटाच्या शाळांवर शिक्षकाची जागाच जाण्याची वेळ आणली. डोंगरातल्या, वाड्यावस्त्यांवरच्या शाळेचा पट छोटा असतो, कारण वस्ती छोटी असते. त्यात घोटाळा काही नाही.

शंभर टक्के अनुदानित शाळासुद्धा सुखात आहे असं नाही. पगाराव्यतिरिक्त खडू, वीज, दुरुस्ती, प्रयोगशाळा यांच्यासाठी जे वेतनेतर अनुदान मिळायचं, ते २००४ पासून कित्येक वर्षं बंद राहिलं. २०१३ पासून सुरू झालं ते जुन्या वेतनाच्या मापानं. डिसेंबर २०२० च्या निर्णयानं शिपायांची पदं संपवून त्याऐवजी भत्ता ठरवला, ग्रामीण शाळेला महिन्याला ५,००० रुपये. त्यात घंटा कोण वाजवणार आणि संडास कोण धुणार, हे ज्यानं त्यानं पाहावं. सरकार शिक्षकांचे पगार करतं, पण शाळा चालवायचा खर्च देत नाही, अशी ही अवस्था. परिणाम डोळ्यांसमोर आहे. शहरातली जुनी अनुदानित मराठी शाळा त्याच आवारात इंग्रजी माध्यमाची स्वयंअर्थसहाय्यित शाखा काढते, तिच्या फीतून मराठी वर्गाचं छप्पर दुरुस्त करते, आणि पाच-सात वर्षांत मराठीची तुकडी बंद होते. २०१२ च्या स्वयंअर्थसहाय्यित शाळांच्या कायद्यानं नव्या शाळांसाठी वाट ठरवूनच टाकली आहे : शाळा काढा, पैसा मागू नका.

इंग्रजी शाळेला गेलेला रुपया

गंमत अशी, की पैसा मागू नका म्हणणारं सरकार त्याच सुमारास विनाअनुदानित शाळांना पैसा देऊही लागलं, पण दुसऱ्या दारानं. १ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्यात खासगी विनाअनुदानित शाळांनी पहिल्या वर्गातल्या पंचवीस टक्के जागा दुर्बल आणि वंचित घटकांतल्या मुलांना द्यायच्या आणि त्यांची फी सरकारनं भरून द्यायची, असं कलम आहे. ते सर्वोच्च न्यायालयानं एप्रिल २०१२ मध्ये वैध ठरवलं. अल्पसंख्याक शाळांना त्यातून सूट मिळाली. महाराष्ट्रात ही प्रतिपूर्ती एका मुलामागे वर्षाला १७,६७० रुपये ठरली. करोनाच्या काळात ती ८,००० वर आणली. शाळाचालकांची ओरड एकच, रक्कम कमी आणि तीही थकलेली.

९ फेब्रुवारी २०२४ ला राज्य सरकारनं नियम बदलला. एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर तिथल्या खासगी शाळेला पंचवीस टक्क्यांचं बंधन नाही. वरवर पाहता युक्तिवाद पटण्याजोगा होता. आपली शाळा रिकामी असताना शेजारच्या शाळेला फी कशाला भरायची? पण उच्च न्यायालयानं मे मध्ये स्थगिती देऊन १९ जुलै २०२४ ला तो बदल रद्द केला, आणि सर्वोच्च न्यायालयातही सरकारला दिलासा मिळाला नाही. पोर्टलवर अर्ज भरायला रांग लावणाऱ्या रिक्षावाल्याला आणि घरकामवाल्या बाईला त्या निकालाचा अर्थ नीट कळला होता. सरकारच्या शाळेवर सरकारचाच खर्च होत नाही, मग आमच्या लेकराला तिथंच का कोंबता?

इथे फुल्यांचा प्रश्न उलटा होऊन समोर येतो. रयतेचा पैसा रयतेच्या पोरापर्यंत पोचवायचा, तर तो पोराच्या मागे द्यावा की शाळेच्या मागे? पोराच्या मागे दिला तर एका पोराचं भलं होतं. शाळेच्या मागे दिला तर गावाचं. माझं मत दुसऱ्या बाजूचं आहे, पण ज्या शाळेमागे पैसा लावायचा ती शाळा धड उभी असली तरच त्या मताला किंमत.

गोव्याचा धडा

पैसा कुठल्या शर्तीवर द्यायचा, यावरून सरकारं कशी डळमळतात हे पाहायचं तर गोव्यात पाहावं. १९९० मध्ये शशिकला काकोडकर शिक्षणमंत्री असताना तिथे ठरलं, की प्राथमिक शाळेला अनुदान हवं तर माध्यम मराठी किंवा कोकणी असलं पाहिजे. चर्चच्या पुष्कळ शाळांनी अनुदान टिकवायला इंग्रजी सोडून कोकणी माध्यम घेतलं. वीस वर्षं हे चाललं. मग पालक रस्त्यावर आले, आम्हाला इंग्रजीच हवं म्हणाले, आणि २०११ मध्ये दिगंबर कामतांच्या सरकारनं इंग्रजी प्राथमिक शाळांनाही अनुदान खुलं केलं. त्याविरुद्ध भारतीय भाषा सुरक्षा मंच उभा राहिला. २०१२ च्या निवडणुकीत सरकार गेलं. नव्या सरकारनं, मनोहर पर्रीकरांच्या, ते अनुदान चालूच ठेवलं, आणि २०१६ मध्ये त्यावरून गोव्यातला राष्ट्रीय स्वयंसेवक संघच दुभंगला. संघाचे तिथले प्रमुख सुभाष वेलिंगकर यांना त्या जबाबदारीतून दूर केलं गेलं.

गोव्यात भांडण माध्यमाचं होतं, महाराष्ट्रात टक्क्यांचं आहे. मुळाशी गोष्ट एकच. अनुदान हे धोरण राहिलं, कायदा झाला नाही. धोरण मंत्रिमंडळासोबत बदलतं आणि शाळा त्याच्या मागे धावते.

आपल्या न्यायालयांचीही भूमिका तीच आहे. अनुदान मिळणं हा संस्थेचा मूलभूत हक्क नाही, ते धोरणाचा भाग आहे, असं सर्वोच्च न्यायालयानं सप्टेंबर २०२१ मध्ये उत्तर प्रदेशातल्या एका प्रकरणात स्पष्ट केलं. शर्ती मान्य असतील तर घ्या, नसतील तर घेऊ नका. याच्या उलट टोकाला नेदरलँड्स हा देश आहे. तिथे कॅथलिक, प्रॉटेस्टंट आणि सरकारी शाळांचं भांडण पिढ्यान्‌पिढ्या चाललं आणि १९१७ मध्ये घटनेतच लिहून टाकलं, की ठरलेल्या अटी पुऱ्या करणाऱ्या खासगी शाळेला सरकारी शाळेइतकाच पैसा मिळेल. तिथली साधारण दोन तृतीयांश मुलं आज अशा शाळांत शिकतात. अटी कडक, तपासणी कडक, पण अटी पुऱ्या केल्या की पैशासाठी मैदानात बसायची वेळ येत नाही.

आपल्याकडे सगळं सरकारच्या तिजोरीनं एकदम झेपणार नाही, हे मान्य. नको त्या शाळा निघाल्या, हेही मान्य. पण मग परवानगी देताना हात आखडायचा होता, पगार देताना नव्हे. इथून पुढे तीन गोष्टी तरी व्हाव्यात. शाळेची गरज आहे की नाही हे परवानगीच्या आधी ठरावं, वीस वर्षांनी नव्हे. पात्र ठरलेल्या शाळेचा पुढचा टप्पा कोणत्या तारखेला येणार हे कायद्यात लिहिलेलं असावं, म्हणजे निवडणूक आणि आझाद मैदान यांची वाट पाहावी लागणार नाही. आणि पगाराबरोबर शाळा चालवायचा खर्चही द्यावा, म्हणजे मराठी वर्गाला इंग्रजी वर्गाच्या फीवर जगावं लागणार नाही.

निघताना मी सरांना पेन्शनचं विचारलं. १ नोव्हेंबर २००५ च्या आधी लागलेल्या कर्मचाऱ्याला जुनी पेन्शन, हा सर्वसाधारण नियम. सर लागले २००४ मध्ये. पण त्या तारखेला शाळा अनुदानावर नव्हती, म्हणून ती नाकारली जाते. "मी तारखेच्या आधी लागलो," सर म्हणाले, "शाळा तारखेच्या नंतर लागली."

वहिनींनी चहा दिला. बाहेर अंगणात शिकवणीची पोरं चटया अंथरून बसली होती. सर उठले, फळा पुसला आणि शेकडेवारीचं गणित लिहायला लागले.

विनाअनुदानित शाळा सरकारच्या मदतीशिवाय चालल्या, असं आपण म्हणतो. ते अर्धंच खरं आहे. त्यांना अनुदान होतंच. ते दिलं शिक्षकांनी, एकेका घरातून अठरा-अठरा वर्षांच्या पगाराचं, आणि मिळालं ते सरकारला. त्या अनुदानाची परतफेड किती टप्प्यांत करायची, याचा शासन निर्णय अजून निघायचा आहे.